दोन टाक्यांचा ठराव

१० जानेवारी १९६०, रविवार

पालक समितीची सभा शाळेच्या व्हरांड्यात. धान विकून आलेले दोनशे चाळीस रुपये शामरावांनी सगळ्यांदेखत टेबलावर ठेवले. अध्यक्ष तेच, राइस मिलही त्यांचीच, त्यामुळे धान त्यांनीच घेतले आणि भावही त्यांनीच लावला. असो. मराठी वर्गात ज्याचे पोर आहे त्या प्रत्येक घराने यंदा दोन पायल्या धान घातले. आमच्या वॉर्डात शेत कोणाकडे आहे? कापणीच्या मजुरीत मिळालेल्या धानातूनच दिले, पण एकही घर चुकले नाही.

खर्च कशावर करायचा? एक जण म्हणाला कुंपण. दोघे म्हणाले लांजेवार गुरुजींचा पगार. मी म्हणालो, विहिरीवर हातपंप.  मग शामराव : "मेश्राम, विहीर तं आहेच ना. पान्याची काय कमी आहे?"

मी समितीचा सेक्रेटरी. लाकूड डेपोत दिवसभर ओंडक्यांचे नंबर लिहून अक्षर वळणदार झाले आहे, म्हणून घेतले. वहीत लिहिले : निर्णय पुढील सभेत, ता. २४.

काय उत्तर द्यायला हवे होते ते घरी पोचल्यावर सुचले. नेहमीचेच.

१२ जाने., मंगळ

कुसुमला विचारले, मधल्या सुटीत पाणी कसे पितेस? "भिकाजीमामा वरून टाकते ना." भिकाजी म्हणजे शाळेचा चपराशी. आधी बाकीची सगळी पोरे माठातून हाताने घेऊन पितात. मग आमच्या वॉर्डातली सात जण ओंजळ धरून उभी राहतात आणि हा लोट्याने वरून ओततो. पंप असता तर ज्याने त्याने दांडा मारून प्यायले असते. "कधी कधी घंटाच होऊन जाते, बाबा." मग? "मंग घरी येऊन पेतो."

तिसरीतली पोर. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसेच ठेवून दोन लोटे उभ्याने पिते. मी आजवर समजत होतो, ऊन लागते.

१५ जाने., शुक्र

यशोदेशी वाजले. ती बिड्या वळत बसली होती, मी हेडमास्तर, भिकाजी, शामराव, एकेकाला नाव घेऊन शिव्या देत होतो. तिने तोंड वर केले नाही. म्हणाली, "तिले ओंजळ धराले कोनं शिकवलं?"

मी शिकवली.

पहिलीत नाव घातले त्या दिवशी, फाटकापाशी उकिडवा बसून दाखवली. बोटे अशी जुळव, कोपरे वर धर, म्हणजे फ्रॉक भिजत नाही. माठाला हात लावू नकोस. मला तसे कोणी सांगितले नव्हते. हेडमास्तर बोलले नव्हते, भिकाजी तर तिथे नव्हताही. दीक्षा घेऊन वर्ष व्हायचे होते. घरातले देव वैनगंगेत सोडून आलेला मी, आणि पोरीला ओंजळ शिकवत होतो. माझ्या बापाने मला शिकवली तश्शीच. तिला कोणी हिडीसफिडीस करू नये एवढेच मनात होते.

लाज वाटते. फार वाटते. म्हणून लिहून ठेवतो.

१७ जाने., रवि

लांजेवार गुरुजी घरी आले. यशोदेने पाणी दिले, गटागट प्याले, आणखी मागितले. तिसरी-चौथीचे मराठी तेच शिकवतात. पोरे कमी झाली म्हणून वरून त्यांची जागाच काढून टाकली. दिवाळीपासून फुकट येतात. गोंदियाला एक नोकरी मिळते आहे. समितीने महिना वीस, म्हणजे वर्षाचे दोनशे चाळीस रुपये दिले तरी इथे राहतील. पंपालाही बसवणीसकट तेवढीच रक्कम लागते, मी गावात विचारून आलो. म्हणजे एक होईल, दुसरे नाही.

म्हटले, गुरुजी, तुम्हीच सांगा.

"पंप घ्या, मेश्रामजी. पोराईले तहान लागते ते मले रोज दिसते." मग चपला घालता घालता : "पन मी गेलो का मराठी बंद. मंग सारे पोरं हिंदीत. हेबी ध्यानात ठेवा."

माणूस इतका सरळ बोलला की त्याच्याशी भांडताही येत नाही. दिवसभर उगाच चिडचिड.

१९ जाने., मंगळ

वॉर्डात बसलो सगळे. पांडुमामा आमच्यात सर्वांत म्हातारे, सही म्हणून अंगठा उठवतात. नागपूरहून आमचा साप्ताहिक पेपर येतो तो दर रविवारी त्यांना कुसुम वाचून दाखवते. अडखळते, पण वाचते. ते म्हणाले, "पानी मी जिंदगीभर वरूनच पेलो, मेलो नाही. पोरगी वाचून राह्यली आपली, ते नको तोडू बाप्पा."

शंकर उठला. विशीतला, रक्त गरम. "काहून पेयाचं वरून? धान तं एकाच ढिगात टाकलं ना आपलं? तवा कोनी म्हनलं का हे येगळं काढा?"

दोघेही माझ्याकडे बघत होते. मी दोघांनाही हौ म्हटले. तिकडे मराठी राज्य होणार म्हणतात, आम्ही हद्दीच्या अलीकडे, हिंदी राज्यातच राहिलो. इथे गुरुजी गेले की पुन्हा कोण येतो? आणि पंप आज नाही घेतला तर पुन्हा धान कोण गोळा करतो? डेपोत आज दोन ओंडक्यांवर एकच नंबर टाकला. साहेब बोलले.

२४ जाने., रवि



शामरावांनी तोडगा आणला. पंप नको. तोटीच्या दोन टाक्या घ्यायच्या, पत्र्याच्या. स्वस्तात होतात. उरलेल्यात गुरुजींचे आठ-नऊ महिने निघतील. "सारेच खूष. तुयी पोरगीबी तोटीतून पेईन, अन् मराठीबी राहीन. आता बोल." सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने तर माझी पाठ थोपटली. अर्धा क्षण मलाही बरे वाटले, खोटे कशाला लिहू.

मग विचारले, टाक्या दोन कशाला? पोरे साठ. एक पुरते.

"असू दे ना दोन. भांडन नको."

"एका टाकीवर काय लिहायचे आणि दुसरीवर काय? ते सांगा, तसा ठराव लिहितो."

 मी पेन उघडून बसलो. म्हटले, एक टाकी कोणाकरता आणि दुसरी कोणाकरता ते अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे, मी शब्दन् शब्द उतरवतो, मग सगळ्यांनी सही करावी. सभेचा नियमच आहे, ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. शामराव लाल झाले. "तू निस्ता लिही, दोन टाक्या. बाकी साऱ्याईले समजते."

"सगळ्यांना समजते तर लिहायला काय हरकत आहे?"

असे पाणी वेगळे करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि तो गुन्हा आहे हे त्या व्हरांड्यात प्रत्येकाला ठाऊक होते. करायला कोणाची ना नाही, लिहायला मात्र कोणी तयार नाही. हेडमास्तर मध्ये पडले, "देखिए मेश्रामजी, बात को बढ़ाइए मत." मी पेन खाली ठेवले. सभा उठली. पुढची ७ फेब्रु.

माझा चहा खिडकीत ठेवला होता, फुटक्या कानाच्या कपात. माझा कप तोच असतो. आज प्यायलो नाही. गेले वर्षभर मात्र पीत आलो, हेही इथेच लिहितो.

२६ जाने., मंगळ

झेंडावंदन. शामरावांचे भाषण, सगळे एक आहोत वगैरे. कुसुमने कविता म्हटली, कुठेही अडली नाही. गुरुजी मागे उभे राहून ओठांनी तिच्याबरोबर म्हणत होते. ते गोंदियाला गेले तर

नको. आज नको.

२९ जाने., शुक्र

काल कुसुमला म्हटले, उद्यापासून ओंजळ धरायची नाही. माठाजवळ जायचे, लोटा बुडवायचा, प्यायचे. ती ऐकत राहिली. "अन् भिकाजीमामा रागावले तं?" म्हटले, रागावू दे. "हेडमास्तर?" त्यांनाही रागावू दे. "मंग तुमी या ना संग."

मी म्हटले, डेपोत काम आहे.

आज संध्याकाळी विचारले, प्यालीस का? मान हलवली, नाही. माठापाशी गेलीच नाही म्हणे, तहानच नव्हती. यशोदा चुलीपाशी होती. तिने लोटा भरून पोरीपुढे ठेवला, तेच जास्त लागले. आठ वर्षांच्या पोरीला पुढे धाडले आणि मी ओंडके मोजत बसलो.

३ फेब्रु., बुध

शामराव डेपोवर आले, लाकडाचे निमित्त काढून. गेटाबाहेर नेले. आवाज मऊ. "मेश्राम, आपन काही दुश्मन नाही. तू 'दोन टाक्या' एवढं लिहून सही कर. गुरुजीचे सालभराचे पैसे मी माह्या खिशातून देतो. पुढच्या सालीबी देईन. तुमच्याच लेकराईच्या कामी येते ना ते?"

आणि नाही केली तर?

"तं गुरुजी चालले गोंदियाले. अन् वॉर्डात तूच सांग मंग, मराठी काहून बंद झाली ते."

शामरावांचा मुलगा केव्हाचा हिंदी वर्गात आहे. पण हे तोंडावर बोललो नाही. विचार करतो म्हणालो. 'विचार करतो' म्हणालो! तिथल्या तिथे नाही म्हणायला काय झाले होते? पण दोन वर्षांचे मराठी. कुसुम चौथी पास होईल. पांडुमामांचा पेपर. सही म्हणजे तीन अक्षरे.

घरी सांगितले नाही.

५ फेब्रु., शुक्र

अर्धी रजा टाकली. मधल्या सुटीच्या आधीच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. घंटा झाली, पोरे धावली. कुसुमने मला पाहिले आणि आधी मैत्रिणींकडे वळली, बाप आला म्हणून लाजली असेल. मग आली, बोट धरले. आम्ही माठाकडे गेलो. वॉर्डातली बाकीची सहा जण मागे मागे. बाकीची पोरे बाजूला सरकली. भिकाजी स्टुलावरून उठला. साधा माणूस, रोजचे काम करतो तसे केले त्याने. माझ्याकडे पाहून हसला, "या मेश्रामबाबू," म्हणाला, आणि लोटा भरून वर उचलला.

आणि माझी ओंजळ झाली.

मी केली नाही, झाली. बोटे जुळली, कोपरे वर गेली, मान खाली वाकली. एवढे दिवस ठरवले होते काय करायचे, काय बोलायचे, सगळे पाठ होते. पाणी हातावर पडले तेव्हा भानावर आलो. कुसुम माझ्या हातांकडे बघत होती. तिने स्वतःचे हात पाठीमागे बांधून घेतले होते.

हात सोडले. पाणी धोतरावर सांडले. भिकाजीला म्हटले, लोटा इकडे द्या. तो म्हणाला, "काहून बाबू, टाकून राह्यलो ना मी." पुन्हा मागितला. त्याने खाली ठेवला, हातात दिला नाही. मी उचलला, माठात बुडवला, प्यालो. परत बुडवला, कुसुमला दिला. तिने दोन्ही हातांनी धरला. पिताना तिचे दात लोट्यावर वाजत होते. एवढे थंडीचे दिवसही नाहीत.

मागच्या सहा जणांना म्हटले, या. दोघे आले. चौघे आले नाहीत.

व्हरांड्यात हेडमास्तर उभे होते, आत गेले. लांजेवार गुरुजी वर्गाच्या दारात होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

डेपोत परत आलो तर शामरावांचा माणूस बसलेला. रविवारी ठरावाची वही घेऊन या, नाही तर आजच माझ्याकडे द्या, म्हणतो. म्हटले, मीच आणतो. वही ट्रंकेत आहे. दोनदा काढली, दोनदा ठेवली.

कुसुमने शाळेतून आल्यावर आज पाणी मागितले नाही. उद्या शनिवारची अर्धी शाळा, मधली सुटी नसते. जेवताना तिने विचारले, "सोमवारी येता का, बाबा?"

रजा उरलेली नाही. रविवारी सभा आहे, सोमवार त्याच्यानंतर येतो. पाहू, म्हणालो. ती म्हणाली, "पाहू नका, सांगा."