जीपगाड्या, मेथी आणि माझा राहिलेला पेपर

अमरावती, रविवार

आदरणीय सत्यभामा आत्याबाई,

भावनाचा वाकून नमस्कार; आणि तुमच्या उजव्या गुडघ्याला वेगळा, कारण अकोल्यात आधी त्याचीच विचारपूस होते. नातीच्या, म्हणजे आपल्या खुशीच्या, साक्षगंधाची तयारी जोरात असेल. इकडे माझीही एक तयारी चालू आहे.

नांदगाव पेठेच्या गिरणीत वीस वर्षं विजेच्या मोटारी दुरुस्त करून चव्वेचाळिसाव्या वर्षी मी इलेक्ट्रिकलच्या डिग्रीला बसले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सगळे विषय सुटले, एक अडला: संभाव्यता आणि रँडम प्रोसेस. (पुढे काय होईल ते माहीत नसताना, किती माहीत नाही तेवढं नीट मोजायचं. तारेतली खरखर, फोनचे कॉल, सगळं त्यात येतं. संसार केलेल्या बाईला हे आपोआप येत असेल असं वाटलं होतं. दोनदा नापास झाले.) ही शेवटची संधी.

सर म्हणाले, खरीखुरी रँडम गोष्ट मोजून आणा. मी परतवाड्याच्या जीपथांब्यावर रजिस्टर घेऊन बसले. दोन जीपांमध्ये किती मिनिटं जातात ते लिहायचं. एरवी सगळ्या शिटा भरल्याशिवाय जीप हलत नाही. पण ड्रायव्हरांना वाटलं, ही आरटीओची बाई. तिसऱ्या दिवशी जीपा अर्ध्या रिकाम्या, दर दहा मिनिटांनी सुटू लागल्या. धर्मेंद्र नावाचा ड्रायव्हर चहा घेऊन आला. "लिवून घ्या मॅडम, बरोब्बर दहा मिनिटं!" सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, हे रँडम नाही, घड्याळ आहे.

मग रजिस्टर घरी ठेवलं आणि मेथीच्या जुड्या घेऊन गेले. दर मिनिटाला एक काडी निवडायची, जीप सुटली की नवा ढीग. "काहून वो बाई, घरी जागा नाही का?" असं एका म्हातारीनं विचारलं, मग तीही मदतीला बसली आणि माझे दोन ढीग एक करून टाकले. तो दिवस सोडून दिला. पुढचे चार दिवस एकटीच बसले. आकडे असे सुंदर वेडेवाकडे आले की सरांनी वीसपैकी वीस दिले. (घरात आठवडाभर मेथीच.)

आता लेखी पेपर. पास होणार आहे, आत्याबाई. शक्यता किती ते मात्र विचारू नका, ती मी काढलेली नाही.

तुमची,
भावना

ता. क. पेपर अकोल्यातच आहे, अठरा तारखेला, दहा ते एक. होय, साक्षगंधाच्याच दिवशी, अकराच्या मुहूर्ताला. खुशीची वेणी मीच घालायची, हे ती पाचवीत असल्यापासून ठरलेलं आहे. मुहूर्त दुपारी सरकेल का?

आणखी एक. गुरुजींना कालच फोन केला. दोन वाजून दहाचाही मुहूर्त चांगला आहे. मुलाकडच्या पाहुण्यांचाही होकार आला. तुम्ही फक्त खुशीच्या बाबाला, खुशालदादाला सांगा, की तुमचा गुडघा सकाळी आखडतो आणि दुपारीच मोकळा होतो.