मारोतीनं बसवलेली वायर

४ ऑक्टोबर
मारोती येऊन स्पीकरची वायर बदलून गेला. आमच्या नाटक कंपनीचा साऊंडवाला. मी ऑर्गनवर, तो मशीनवर, बावीस वर्सं झाली. म्हणे, "भाऊ, जाड तांब्याच्या वायरीनं आवाज खुलते." पैसे घेतले नाई. मी तंबाखू-सुपारीचा खर्रा आणाले चौकात गेलो, येईपर्यंत भिंतीवरच्या पट्टीत वायर बसवूनही झाली.
लावून ऐकलं. तबला कोणी समोर बसून वाजवून राह्यलं असं वाटलं. फरक आहे म्हणजे आहेच.

५ ऑक्टो.
बायकोले, सुमनले ऐकवलं. "मले तं तेच वाटते." तिले सुरातलं काय समजते!

९ ऑक्टो.
वडस्याले तालीम. सगळ्याइले वायरीचं सांगितलं. मारोती खाली पाहून मशीन पुसत होता. कंपनीचे मालक म्हणाले, "कान शाबूत आहेत म्हणा." म्हटलं, कानावरच तं जेवून राह्यलो.

१४ ऑक्टो.
दिवाळीची सफाई. सुमननं पट्टी उचकटली. दोन्ही टोकाले वीत-वीत जाड वायर, मधात तीच जुनी बारीक. दहा दिवस मी कशाचं कौतुक करत होतो?
सुमन हसली नाई. हसली असती तं बरं झालं असतं.
पैसे घेतले नाई, तं फसवलं काऊन?

१५ ऑक्टो.
मारोतीले गाठलं. आधी गंमत केली म्हणे. मग कबूल झाला. मालकानं माझे कान पारखाले सांगितलं होतं. मागच्या सीझनले सावली गावच्या प्रयोगात म्हणे मी सूर चुकीचा दिला, नायिकेचं गाणं पडलं, ती आत येऊन रडली. "तुमी फरक नाई म्हणाले असते, तं मालकाले सांगणार होतो, कान ठीक आहेत."
तोंडावर विचारता येत नव्हतं? माझ्या घरात बसून, माझा खर्रा खाऊन परीक्षा घेतली. दुश्मनानं केलं असतं तं एवढं लागलं नसतं.

१६ ऑक्टो.
खरी जाड वायर आणली. मी पाठ करून बसलो, सुमननं वीस वेळा आलटूनपालटून लावली. अर्धे बरोबर, अर्धे चूक. मग तिले बसवलं. तिचंही तसंच. अन् तिले तं शेजारचं दूध उतू गेलेलं ऐकू येते.
म्हणजे वायरीनं काई होत नाई. मग माझ्या कानाचंही त्यावरून काई ठरत नाई. मालकाले हेच सांगतो.
पण मग चार तारखेले मी काय ऐकलं?

१८ ऑक्टो.
मालकाचा फोन. उद्या सगळ्यासमोर सूर लावून दाखवा म्हणे, आरमोरीची एक पोरगीही येऊन राह्यली, ऑर्गन वाजवते. बावीस वर्सानं परीक्षा.
सायंकाळी मारोती फाटकात येऊन उभा. मी बाहेर गेलो नाई.
सुमनले विचारलं, "सावलीले तू होतीस ना समोर? चुकला होता सूर?"
ती तांदूळ निवडत होती. निवडतच राह्यली.
"तुलेही माहीत होतं?"
"उद्या जाऊन तं या," म्हणाली.