फक्त चव बघतो

३ फेब्रुवारी, सोमवार
रिपोर्ट आला. साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, तीन महिने गोड बंद, रोज चालायचं, मग पुन्हा तपासू. उतरली नाही तर गोळ्या, त्याही जन्मभर. मी म्हटलं, तीन महिने कशाला, दीड पुरे. डॉक्टर हसले. त्यांना माझा निर्धार माहीत नाही.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, मग मीही सोडते. तिला काही एक झालेलं नाही. चहात दोन चमचे आणि वर थोडी, अशी तिची जुनी सवय. मी नको नको म्हटलं (एकदा). तिने साखरेचा डबा उचलला आणि शेजारणीला देऊन आली. म्हणाली, पथ्य एकट्याने पाळायला जड जातं. हळवी आहे. तिला झेपेल असं वाटत नाही. मलाच सांभाळून घ्यावं लागणार.

५ फेब्रुवारी
ऑफिसातून चालत घरी. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान होतं तिथे आता डोनटचं दुकान झालंय. साधं नाही, गूर्मे, म्हणजे खास खवय्यांसाठी. काचेच्या कपाटात बारा प्रकार, प्रत्येकापुढे हाताने लिहिलेली चिठ्ठी. आत गेलो, मुद्दाम. मोह टाळण्यात कसली मर्दुमकी? मोहासमोर उभं राहून दाखवावं. दहा मिनिटं उभा राहिलो, वास घेतला, बाहेर आलो.
जिंकलो.

६ फेब्रुवारी
पुन्हा उभा राहिलो. मालकीणबाई म्हणाल्या, दादा, चव तरी बघा. आता मी पाण्याचे मीटर तपासणारा माणूस. तीस वर्षं माझ्या हातून सील लागल्याशिवाय एक मीटर बाहेर गेला नाही. मीटरला सुद्धा दोन टक्के टॉलरन्स असतो, तेवढी चूक चालते. दिवसभराच्या खाण्यात एक घास म्हणजे दोन टक्क्यांच्या आतच.
कॉफी ग्लेझ. एक घास घेतला. उरलेला टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान. म्हणून.

१० फेब्रुवारी
नियम ठरवला: खायचं नाही, तपासायचं. लेमन कस्टर्ड: कस्टर्ड मधोमध नाही, डावीकडे सरकलेलं. लॅव्हेंडर: कपाटातल्या कपड्यांची चव. रिजेक्ट. खात्री करायला दुसरा घेतला. रिजेक्ट कायम. खारं कॅरमल: यावर काही लिहिता येत नाही. डोळे मिटले होते.
बायकोने विचारलं, आज किती चाललात. म्हटलं, चार किलोमीटर. तिचं डोकं दुखत होतं. साखर सोडली की पहिले पंधरा दिवस असं होतं म्हणे. मला अजिबात होत नाही. ज्याची त्याची प्रकृती.

१७ फेब्रुवारी
आज प्रसंग. डोनटबाई (मी त्यांना मनात असंच म्हणतो) सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, दादा, रोज येता, तब्येत सांभाळा हो. मला राग आला. मी म्हटलं, मी माझ्यासाठी येत नाही. माझी बायको अंथरुणाला खिळलेली आहे. तिला आता एवढाच एक आनंद उरलाय. तिला सोसेल ना, हे मी आधी खाऊन तपासतो.
कुठून सुचलं कोण जाणे. पण तपासतो हा भाग खरा आहे.
डोनटबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी डब्यात दोन डोनट भरले, रिबन बांधली, डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, वहिनींना माझ्याकडून.

१८ फेब्रुवारी
कालचा डबा घरी नेणं शक्य नव्हतं. टाकणं तर त्याहून अशक्य. पंपहाउसमागच्या बाकावर बसून दोन्ही खाल्ले. त्यामुळे चालायला वेळ उरला नाही. बायकोला पाच किलोमीटर सांगितले.

२४ फेब्रुवारी
डोनटबाई रोज डबा देतात. आज विचारलं, वहिनींना कुठला फ्लेवर आवडतो? मी जरा घुटमळलो. मग म्हटलं, खारं कॅरमल. चार दिले.
दुखणं काय, हेही विचारलं. म्हटलं, मणका. घटकाभर विचार करून हे एकच दुखणं असं सापडलं की ज्याला गोड चालतं.

४ मार्च
ठरवलं, रस्ताच बदलायचा. मागच्या गल्लीने निघालो. गल्लीच्या तोंडाशी डोनटबाई मैद्याची पोती उतरवून घेत उभ्या. दुकानाचं मागचं दार तिथेच उघडतं. माझा चेहरा बघून त्या घाबरल्या. म्हणाल्या, आज तोंड चुकवून चाललात, वहिनी बऱ्या आहेत ना? पोती उतरवणारे दोघंही थांबून माझ्याकडे बघायला लागले.
सहा दिले. ब्लूबेरी सुद्धा.

९ मार्च, रविवार
वजन. बायकोचं दोन किलो कमी. माझं तीन किलो जास्त. वजनकाट्यात दोष असणार, हे उघड आहे.

१० मार्च
ऑफिसच्या लॅबमधून पाच किलोचं प्रमाण वजन घरी आणून काटा तपासला. काटा बरोबर आहे. प्रमाण वजनाबद्दल वर कळवावं लागेल.

२२ मार्च
मेहुणीच्या घरी केक कापला. बायकोच्या पुढे बशी आली. तिने ती हलकेच बाजूला सारली आणि सगळ्यांना सांगितलं, हे खात नाहीत, मग मी कशी खाऊ? सत्तेचाळीस दिवस झाले आमचे. आमचे म्हणाली. मेहुणी नवऱ्याला म्हणाली, शिका जरा. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ऑफिसातून तिथे येताना दोन पिस्ता ग्लेझ झाले होते.
छातीत काहीतरी खुपल्यासारखं झालं. ॲसिडिटी. उद्यापासून बंद म्हणजे बंद.

२४ मार्च
काल दुकानाला सुट्टी होती. उद्यापासून कडक.

३ एप्रिल
फारच डोक्यावरून पाणी चाललंय. कॅलेंडरवर बायको रोज एक फुली मारते, दोघांची मिळून एक. ती फुली बघवत नाही. उपाय काढला. अत्यंत सोपा आहे, आधी कसा सुचला नाही! डोनटबाईंना सांगायचं, वहिनी ठणठणीत बऱ्या झाल्या. डबा बंद, विषय बंद.

४ एप्रिल
सांगितलं. त्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, मग उद्या घेऊनच या त्यांना!
मी म्हटलं, बऱ्या झाल्या होत्या. काल. आज पुन्हा दुखणं उलटलंय.

११ एप्रिल
डोनटबाई म्हणाल्या, रविवारी दुकान बंद असतं, मीच येऊन भेटते. मी म्हटलं, कशाला उगाच, घर लांब आहे, सापडायचं नाही. त्या म्हणाल्या, परवा तुम्हीच सांगितलंत ना, निळ्या टाकीची बिल्डिंग? निळी टाकी या भागात एकच आहे. ती मीच दाखवली होती. बोलता बोलता माणूस किती माहिती देतो.
येणार नाहीत. लोक नुसतं म्हणतात.

१३ एप्रिल, रविवार. दुपार
अकराला बेल वाजली. मी बाथरूममध्ये. दार बायकोने उघडलं. ती स्टुलावर चढून पंखा पुसत होती, डोक्याला फडकं, हातात झाडू. मी टॉवेल गुंडाळून पोचलो तोवर डोनटबाई विचारत होत्या, ते रोज डोनट नेतात ना अंथरुणाला खिळलेल्या वहिनींसाठी, त्या कुठल्या खोलीत आहेत?
बायकोने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग झाडू भिंतीला टेकवला, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, मीच ती. आज जरा उठले होते.
आणि वाकून, भिंतीला धरून धरून, पलंगापर्यंत गेली.
मला डोनटबाईंनी झापलं. असल्या अवस्थेत पंखा पुसायला लावता? मी काय बोलणार, टॉवेलवर होतो.

मग त्या पलंगाशी बसल्या. बायकोच्या पाठीमागे उशी दिली, पाय चेपू का म्हणाल्या. डबा उघडला. म्हणाल्या, तुमचं आवडतं खारं कॅरमल आणलंय. बायको म्हणाली, मला नाही ते आवडत. मला साधा आवडतो, वर काही नसलेला, नुसती दालचिनी भुरभुरलेली. तसाही एक डब्यात निघाला. तिने तो हातात घेतला, बराच वेळ नुसता बघितला आणि मग खाल्ला. एकोणसत्तर दिवसांनी. डोळ्यांतून पाणी येत होतं. डोनटबाईंना वाटलं, मणका.
सत्तावीस वर्षांत दालचिनी मला ठाऊक नव्हती. अभिनय असावा.

त्याच दिवशी, संध्याकाळ
भांडणाची वाट पाहतोय. मुद्दे काढून ठेवलेत. भांडण होत नाही. कॅलेंडरवर आजची फुली नाही.
शेवटी मीच विचारलं, राग आलाय का? ती म्हणाली, मला वाटत होतं आपण दोघं आहोत. मग म्हणाली, पडून मात्र बरं वाटलं. कशी आहेस, असं कितीतरी दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.
गादी मी निवडली होती. एकूण तिने मनावर घेतलेलं दिसत नाही.

१४ एप्रिल
बायको उठली नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, मणका. म्हणून भिंतीकडे वळली. थट्टा करतेय. चहा मी केला. एक दिवस आपणही हौस पुरवावी.

१९ एप्रिल
थट्टा चालू आहे. मी नसताना उठते, फिरून येते, तिच्या चपला कधी दाराशी असतात, कधी नसतात. मी आलो की पांघरूण. स्वयंपाक, भांडी, पंखा माझ्याकडे. पंखा पुसणं किती अवघड असतं याची लोकांना कल्पना नसते. चालायला वेळ मिळत नाही, हे आता खरं कारण आहे.
दुकानात जायची सोय उरली नाही. डोनटबाई मला आता रागाने बघतात.

५ मे
रिपोर्ट. साखर चढली. गोळ्या, जन्मभर. डॉक्टरांनी विचारलं, घरून साथ मिळते ना? मी हो म्हटलं. पूर्ण मिळाली होती. ते म्हणताना छातीत पुन्हा तसंच खुपलं. या वेळी ॲसिडिटी नव्हती, एवढं मी लिहून ठेवतो.
घरी येऊन पलंगाशी उभं राहून बायकोला सांगितलं. मी खोटं बोललो, सगळे दिवस, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. हो का, म्हणाली. मग म्हणाली, जाताना दार लोटून घ्या.

११ मे, रविवार
अकराला डोनटबाई आल्या. दर रविवारी येतात. माझ्याशी बोलल्या नाहीत, सरळ आत गेल्या, दार लागलं. थोड्या वेळाने दोघींच्या हसण्याचा आवाज यायला लागला. बायको इतकी मोठ्याने हसते हे विसरलो होतो.
मी चहा केला. दोघींसाठी. ट्रे घेऊन दाराशी उभा राहिलो आणि दार वाजवलं.
हसणं थांबलं. या घरात तिच्याशिवाय मी एकटाच राहतो.
आतून बायकोने विचारलं, कोण आहे?