फाटकाबाहेरचं बाकडं

३ एप्रिल

परत तेच! हॉलंडात काचघरात टोमॅटो खुडून खुडून मी गावाकडे नऊ खोल्यांचं घर बांधलं. आणि आई झोपते कुठे? मागच्या जुन्या स्वयंपाकघरात, चुलीपाशी. म्हणे, "नव्या घरात माझीच पावलं घुमतात रे." आता फाटकावर दोन दगडी सिंह तेवढे बसवायचे राहिलेत. ग्रिगोरे गवंडी चारशे वीस युरो म्हणतो. सगळ्या रोमानियात नसतील असे. तर आई विचारते, "सिंह बघायला येणार कोण?"

९ एप्रिल

काचघरामागचे कामगारांचे पत्र्याचे डबे बंद झाले. दोन वर्षं काढली तिथे, खिडकीसमोर डिझेलची टाकी. आता मी आणि कामावरचा सोरिन इथल्याच गावातल्या एका गल्लीत राहतो. इथे कुणी पडदे ओढत नाही, माणसं जेवताना दिसतात. मी आपला ओढून घेतला.

११ एप्रिल

सलग आठ तास झोपलो. सोरिन म्हणाला, "मेलास की काय म्हणून दोनदा उठून बघितलं."

१४ एप्रिल

फजिती झाली. कामावरून येताना शेजारच्या दाराबाहेर बाकडं दिसलं. बसलो, बूट काढले. आमच्याकडे फाटकाबाहेरचं बाकडं ज्याचं बूड टेकेल त्याचं.

दार उघडून एक म्हातारी आली. "काही हवंय?"

"नाही. बसलोय."

"ते दिसतंय. बाकडं माझं आहे."

मी बूट चढवत चढवत, मोडक्यातोडक्या भाषेत आमची रीत सांगितली. ती आत गेली. वाटलं, पोलिसांना फोन करते. तर दोन कप कॉफी आणि बिस्किटांचा डबा घेऊन आली. एक बिस्किट दिलं — आणि झाकण बंद! नाव तिनेके.

२० एप्रिल

रोज बसतो. बिस्किट एकच.

२६ एप्रिल

सोरिन म्हणतो, "हल्ली कामावर शिट्टी वाजवतोस. आधी क्रेटला लाथा मारायचास." खरं आहे. काम तेच, पगार तोच. फक्त येता-जाता कुणीतरी नावाने हाक मारतं. पडदा कधी उघडा राहिला कळलंही नाही.

तिनेकेला घराचा फोटो दाखवला, उंच कुंपणभिंतीसकट. बराच वेळ बघत होती. "तुरुंग छान आहे. तुझी आई बसते कुठे?"

राग आला. बिस्किट तसंच ठेवून उठलो.

पण खरंच, कुठे बसते? आमचंही बाकडं होतं. भिंत बांधताना मीच तोडायला लावलं.

२७ एप्रिल

आईच्या शेजारणीला, फ्लोआरेआ मावशीला फोन केला.

"आम्ही चौघी रोज संध्याकाळी बसायचो तुमच्या दारात," म्हणाली. "आता बेल दाबावी लागते. बेल दाबून कुणी गप्पा मारायला जातं का, बाबा? ती टीव्हीशी बोलते. डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्यात. तुला सांगू नको म्हणालीये."

फोन ठेवून स्वतःलाच शिव्या घातल्या. पण मग हसू आलं. यावरचं औषध मला माहीत आहे की! रोज घेतोय.

२ मे

ग्रिगोरेला सांगितलं — सिंह नकोत. रस्त्याकडची भिंत पाड. तिथे ओकच्या लाकडाचं बाकडं कर, पाठ टेकता येईल असं, चौघींना पुरेल एवढं. हसला. "उभी करायला पैसे दिलेस, आता पाडायला देतोयस. गिऱ्हाईक असावं तर असं."

पैसे उरतील त्यातून बिस्किटांचा मोठा डबा घे म्हटलं. झाकण फेकून दे.

पाठवले. चारशे वीस युरो.