आधी गाई सोडाव्या लागतात

भिलाई, १७ मार्च

प्रिय सुजय,

मंगळवार, दहा मार्च, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. तुमच्या खात्याच्या अपघात-अहवालात 'दुपारच्या सुमारास' असं लिहिलंय. मी घड्याळ पाहिलं होतं, कारण तुमचा फोटोग्राफर तासभर उशिरा आला होता.

कुरुदच्या जुन्या गोठ्यात गावाच्या गाईंचं आणि मोहोळांचं प्रदर्शन भरवावं, ही कल्पना माझीच. सरकारी अनुदान मंजूर झालं, काम तुझ्याच खात्याकडे आलं, तेव्हा मी अख्ख्या सेक्टरभर मिरवले. अटींमध्ये धूर देऊन मध काढण्याचं प्रात्यक्षिक होतं आणि सगळं मार्चअखेर उरकायचं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडायची तुझी सवय जुनीच. फक्त तेव्हा नापास झालास तर तोटा तुझ्या एकट्याचा होता.

कुरुदचा मोहोळं काढणारा नत्थू तुला आठवत असेल. तू चौथीत होतास तेव्हा आपल्या क्वार्टरच्या छज्ज्याचं आग्या मोहोळ त्यानेच काढलं. त्याआधी शेजारच्या भय्याजींची म्हैस सोडायला लावली, ते शिव्या देत राहिले तरी. कुरुदात मोहोळाला धूर देण्याआधी आसपासचं प्रत्येक जनावर मोकळं करतात. बांधलेल्याला पळता येत नाही, एवढं साधं कारण. त्या मंगळवारीही तो दोनदा म्हणाला, "पहिली गाय ल ढील, साहेब, तब धुंगिया कर." कोणी गाई सोडल्या नाहीत, आणि धूर झाला.

माशा उठल्या, आणि प्रदर्शनासाठी बांधलेल्या दोन्ही गाई डंखांनी खुंट्यालाच मेल्या. दावी कापायला नत्थू आत धावला. अजून दवाखान्यात आहे, डोळे सुजून मिटलेले. काल त्याने मला आवाजावरून ओळखलं आणि एकच विचारलं, "बाई, माछी मन लहुट गे का?"

माशा परतल्या आहेत. आज मी गोठ्यात जाऊन पाहिलं. त्याच तुळईला, पहिल्यापेक्षा मोठं मोहोळ. आवाज जवळजवळ नाहीच. खालून माणूस गेला की सगळ्या माशा एकदम थरथरतात, वरून खाली लाट जाते, आणि पुन्हा गप्प. तुमच्या माणसांनी त्याच्याच खाली सतरंज्या अंथरल्यात. चोवीस तारखेला उद्घाटन, शाळेची साठ मुलं, ढोल, आणि पुन्हा धूर. दोन दारं होती, त्यातलं एक स्टेजमागे गेलंय.

तुझ्या ऑफिसातली पायल काल टाईप केलेला जबाब घेऊन आली. नत्थूने दारूच्या नशेत, विनापरवानगी धूर केला, असं त्यात आहे, आणि साक्षीदार म्हणून सही माझी हवी. म्हणजे चूक नत्थूची, जागा सुरक्षित, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे. पोरगी बिचारी मान खाली घालून उभी होती. नत्थूने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. त्याच्या हातातली पेटती गोवरी कोणी ओढून घेतली, "दोन मिनिटांचं काम आहे, गाई फोटोत पाहिजेत" असं कोण म्हणालं, हे मी पाच हातांवरून पाहिलंय. तो तू होतास. मी सही केलेली नाही. माझा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहिलाय, तुझ्या नावासकट, आणि पाकीट बंद केलंय. अहवाल दुरुस्त कर, उद्घाटन रद्द कर आणि तसं मला लेखी कळव. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. शनिवार, एकवीस मार्च, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुझं सहीचं उत्तर हातात पडलं नाही, तर पाकीट घेऊन मी पोलीस ठाण्यात जाईन.

तुझीच, पाच वाजल्यानंतरही,
आई