केशरी खड्यांचं पाणी

गुरुजी, आज लिहायला बसलो तो खरं म्हणजे तुमच्याशी भांडायला. बायको आतल्या खोलीत उशांना टेकून बसली आहे. आडवं झालं की तिला धाप लागते. तिच्या फुफ्फुसात गाठ आहे, आणि आता फार काही करण्यासारखं उरलेलं नाही असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. तंबाखू नाही, बिडी नाही, मिश्रीसुद्धा तिने कधी लावली नाही. मग हे कशाने झालं असावं, ते या घरात मला एकट्याला ठाऊक आहे. दुसरे तुम्ही, आणि तुम्ही गेलात त्याला आता एक जन्म लोटला.

शाळेमागची ती पत्र्याची शेड मला आजही स्वच्छ दिसते. सकाळी मराठी शिकवणारे तुम्ही दुपारी तिथे धोतराचा काचा मारून सुतारकाम शिकवायचात, पण कविता काही सुटायची नाही. रंधा पुढे गेला की ओळ पुढे, रंधा मागे आला की श्वास. आणि श्वास घेताना तुमच्या नाकातून बारीक शिट्टी वाजायची. मुलं म्हणायची, "गुरुजींची गाडी आली रे!" मी हसत नसे. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात संध्याकाळी वारा शिरतो तसा तो आवाज मला वाटायचा. कविता म्हणताना मीही तशी शिट्टी वाजवायचा प्रयत्न करायचो, आणि तुम्ही एकदा विचारलंत, "पडसं झालंय का रे तुला?"

एके दिवशी तुम्ही काचेच्या बरणीतून रसायनाचे केशरी खडे काढलेत, पाण्यात विरघळवलेत, आणि फणसाच्या पिवळ्याधमक फळीवर ते पाणी फडक्याने फिरवलंत. फळी उन्हात ठेवली. बघता बघता पिवळ्याचं पिंगट झालं, पिंगटाचं गडद तपकिरी, आणि तास संपेपर्यंत ती फळी कुणाच्या पणजोबांच्या चौरंगाची वाटायला लागली. तासाभरात शंभर वर्षं! मी भारावून बरणीत बोट घातलं, आणि तुमची फूटपट्टी सपकन मनगटावर बसली. "शिंच्या, लिमलेटची गोळी वाटली होय ती? हे माझं नाक बघ. मधला पडदा गेलाय ह्याच्यापायी, म्हणून तर शिट्टी वाजते. मोकळ्या वाऱ्यावर करायचं, हाताला रबर घालायचं, आणि रंगवलेलं लाकूड कोरडं घासायचं नाही, धूळ आत जाते. काय सांगितलं?" मी सगळं परत म्हणून दाखवलं, कवितेसारखं पाठ. शाळा सोडताना ती बरणी तुम्ही मला दिलीत. "वापरलंस तर सांगितलंय तसं. नाहीतर फणस पिवळाच बरा."

म्हणजे भांडण इथेच संपायला हवं होतं. पण लिहितो.

कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, आणि हौसेने मी गणपतीचे पाट करू लागलो. आपल्याकडे घरोघरचे पाट मूर्तिकाराच्या कारखान्यात, म्हणजे गणपतीच्या शाळेत, आधीच नेऊन द्यायचे आणि मूर्ती त्यावरच घडायची. त्या शाळेत ओळीने पाट मांडलेले असत, त्यात माझे उठून दिसत. लोक विचारत, "हा कुणाचा हो? जुना आहे वाटतं." मला आणखी काय पाहिजे होतं! आधी नात्यातल्यांनी मागितले, मग शेजाऱ्यांनी. हे सगळं श्रावणात, बाहेर पाऊस, म्हणून पडवीला ताडपत्री लावून आत बसायचं. खड्यांचं पाणी फिरवलं की लाकडाची लव उभी राहते, ती घासावी लागते. ओल्यावर घासायचा कागद चालत नाही, म्हणून कोरडंच घासायचं. आणि मी कचेरीत, म्हणून घासायची ती.

एकदा मी रबरी मोजे आणले होते, हे खोटं नाही. ती सोवळं नेसून पाटासमोर बसली होती. "देवाच्या पाटाला रबर लावू? भलतंच काहीतरी!"

"अगं, हात खराब होतील."

"झाले तर झाले, मी काय नटी आहे?"

मी हसलो. का घालायचे ते सांगितलं नाही. नाक, पडदा, धूळ, काहीच नाही. सांगितलं असतं तर तिने पडवीत पाऊल टाकलं नसतं आणि मलाही टाकू दिलं नसतं. शिवाय ओले केस, उघडे हात, देवाचा पाट, ताडपत्रीवर पाऊस, हे मला फार सुंदर वाटत होतं, गुरुजी. त्यात मोजे शोभले नसते.

तिच्या बोटांना बारीक, खोल, गोल जखमा व्हायच्या. ती खोबरेल लावायची. नाकातून रक्त यायचं, तेव्हा म्हणायची उष्णता वाढली, आणि गुलकंद खायची. मग एका संध्याकाळी ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती, मी वाचत होतो, आणि तिच्या नाकातून शिट्टी वाजली. तशीच, बारीक. मला ते ताबडतोब कळायला हवं होतं ना? मी पुस्तक मिटलं, डोळे मिटले, आणि ऐकत बसलो. किती वर्षांनी तुमची शेड, रंध्याचा ताल, सगळं परत आलं. मला बरं वाटलं. पुढच्या श्रावणात तिने आणखी सहा पाट घासले.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "आजी, कधी केमिकलच्या कारखान्यात काम केलंत?"

"कारखाना कुठला! ह्यांचे गणपतीचे पाट घासले जन्मभर, तेवढाच कारखाना."

तो हसला. "मग पुण्य भरपूर जमलंय." त्याने कागदावर गृहिणी लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. "आजोबा, आणखी काही सांगण्यासारखं?"

मी नाही म्हटलं.

तेवढंच असतं तर निभावलं असतं, कारण आता कुणाला सांगून गाठ विरघळणार नाही. पण गेले चार दिवस ती एकच विचारते आहे. तरुणपणी एकदा मी पाट अर्धा रंगवून कचेरीला गेलो होतो. अर्धवट सुकला तर डाग राहतात, म्हणून तिने तो पुरा केला, आणि त्या दिवशी ती बाजूला बसलेली होती, तिला शिवायचं नव्हतं. इतकी वर्षं कुणाला बोलली नाही. आता म्हणते, "त्याचंच का हो हे? देवाच्या पाटाला विटाळाचा हात लागला, त्याचं?" मध्ये दोनदा थांबून तिने हे वाक्य पुरं केलं. मी म्हटलं, देव असं करत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला काय कळतं त्यातलं."

एका वाक्यात तिला सोडवता येईल. तुझं काही चुकलं नाही, मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, बस. दोनदा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. दोन्ही वेळा तिचा पदर सारखा केला आणि पेज देऊ का विचारलं.

हे कागद तिच्या हाती लागायला नकोत, म्हणून लिहून झाले की चुलीत घालणार आहे. का सांगत नाही ते मात्र तुम्हाला सांगतो. तिचं मन मोडेल म्हणून नाही. कळलं तर ती माझ्याशी बोलायची थांबेल. तिच्याकडे बोलण्यापुरता जो श्वास उरलाय, तो सगळा मला हवा आहे.