किल्लारीच्या जीपची घरघर

५ ऑगस्ट, मंगळवार. लातूर

झालं ते असं :

१. किल्लारीचे नागनाथ सकाळी जीप घेऊन दुकानात आले. मागच्या आठवड्यात मी बसवलेला ॲम्प्लिफायर आवाज करतो.
२. इंजिन मंद असताना घरघर. रेस दिली की कुंई, आणि ती रेसबरोबर चढत जाते.
३. टेपपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची सिग्नलची वायर बदलली. आधीची साधी होती. आता दुहेरी जाळीची, महागाची.
४. आवाज तसाच.
५. नेमका तेव्हाच हमीदभाईंचा नांदेडहून फोन. दुकान त्यांचं. नांदेडला मोठं, लातूरला हे नवं. मी काही लपवलं नाही. म्हणाले, "बेटा, वायरी बदलता बदलता गिऱ्हाईक बदलून जाईल."

ठरलेलं एवढंच : इथे तीन महिने. जमलं तर लातूरचं फिटिंगचं टेबल माझं. नाही जमलं तर त्यांचा पुतण्या इरफान इकडे येणार आणि मी नांदेडला, पुन्हा बिलं फाडायला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा त्यासाठी केला नव्हता.

किल्लारीच्या रस्त्यावरचे जीपवाले नागनाथकडे बघून ठरवतात. म्हणजे माझंही या जीपवरच ठरणार.

६ ऑगस्ट, बुधवार

पॉवर वायरचं नवं भेंडोळं आलं. बाहेरून अंगठ्याएवढी जाड, लालभडक, पारदर्शक. सोलली तर आत काडीएवढी तार. ब्लेडने खरवडली. खाली पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. परत दिली.

माल आणणारा म्हणाला, "मॅडम, आजवर कोणी खरवडून न्हाई बघितली."
"आता बघितली."

नागनाथच्या जीपमध्ये मात्र अस्सल तांब्याचीच घातली होती. मग दोष मांडणीत. आठवून बघितलं : बॅटरीकडून येणारी वायर आणि सिग्नलची वायर, दोन्ही मी डाव्या बाजूनेच नेल्या. एकाच मॅटखालून, शेजारी शेजारी. पहिल्या धड्यातली चूक. त्या दिवशी दुकानात तीन गाड्या होत्या, पण हे कारण नव्हे.

उद्या बोलावलं आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

सगळं उघडलं. सिग्नलची वायर उजवीकडून नेली. उरलेली वायर सीटखाली गुंडाळून ठेवली होती, ती मापात कापली. बॅटरीच्या वायरी सोडल्या, परत कसल्या.

आवाज गेला. पूर्ण. हमीदभाईंना फोन करून सांगितलं, मांडणी चुकली होती.

ही जीप रोज सकाळी किल्लारीहून क्लासची पोरं आणते. जी पोरं लातुरातच खोली करून राहतात त्यांचे घरचे डबेही आणते. वाटेत पोरं बायोलॉजीच्या उजळणीची कॅसेट ऐकतात. नागनाथनी तीच लावली.

"ताई, आता नुसते सर बोलायलेत. आधी सर आन् डास दोघं बोलायले व्हते."

जाताना म्हणाले, रविवारी आईला बसवतो. मागे घरघर ऐकून ती चालू गाडी थांबवून उतरली होती. म्हणाली, ह्या गाडीत जमीन बोलती.

मी पुढे विचारलं नाही. किल्लारीच्या माणसाला त्यात काय विचारायचं. आमच्या हदगावला भूकंपाच्या त्या पहाटे फळीवरची भांडी वाजली, एवढंच.

११ ऑगस्ट, सोमवार

घरघर परत. नागनाथनी डबे उतरवता उतरवता सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. आई काल बसली, शाळेपर्यंत आली आणि पुन्हा उतरली.

इरफानचा फोन. मला बाजी म्हणतो, म्हणजे ताई. "बाजी, नांदेडला तुझी खुर्ची पुसून ठेवली."
"तूच बस."
फोनवर चिडले नाही. आता लिहिताना चिडले.

नंतर शांतपणे : वायर बसल्या जागी तीन-चार दिवसांत बिघडत नाही. म्हणजे मध्ये कोणीतरी काहीतरी करतं.

मीटर घेतला. ॲम्प्लिफायरची अर्थिंग ठीक. मग बॅटरीची काळी वायर जिथे बॉडीला कसलेली असते तिथे लावला. आकडा शून्याच्या जवळ हवा. नव्हता. वाकून बघितलं. बोल्ट हिरवागार. त्याच बोल्टला बारीक तारेने लिंबू-मिरची बांधलेली. वरचं लिंबू ताजं, खाली तीन-चार जुनी, काळी, चिकट. सगळा रस बोल्टवर.

गुरुवारी हेच बंडल मी हाताने बाजूला सारलं होतं. वायर हलली, बोल्टने तात्पुरती पकड घेतली आणि मला वाटलं, मांडणीने जमलं. बंडल बघितलं होतं, आणि बघितलं नव्हतं.

"हे कोण बांधतं?"
"आई. दर शनवारी."
"पुढे बंपरला का नाही?"
"बंपरचं शेळ्या खात्यात की."

बोल्ट घासला, वायसर बदलला, वरून व्हॅसलीन. आवाज गेला. पण शनिवार येणारच.

नागनाथ म्हणाले, "मी सांगतो तिला."
"काय सांगाल?"
"तुझ्या लिंबानं बिघाड केला म्हणून."
म्हटलं, थांबा. मी येते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. किल्लारी

झेंड्याची सुट्टी. नागनाथच्या जीपनेच आले. नवं गाव. सरळ रांगा, घरं एकासारखी एक. दारापुढे कोणी तुळस लावली आहे, कोणी ट्रॅक्टर.

नागनाथच्या आई, गयाबाई. बुटक्या, ताठ. मला वरून खालपर्यंत बघितलं.

"कंच्या गावची तू?"
"हदगावची."
"लांबची हायस. वायरमन हायस व्हय?"
"हो."

दुकानात मला मॅडम म्हणतात, ताई म्हणतात. हे पहिल्यांदाच कोणी म्हटलं. दुरुस्त केलं नाही.

ठरवून गेले होते : चूक कोणाची ते बोलायचं नाही, फक्त जागा बदलायची. बॉनेट उघडलं. "आजी, या बोल्टमधून गाडीचा करंट जातो. लिंबाला दुसरी जागा केली आहे." आत वरच्या पत्र्याला प्लॅस्टिकचा हुक बसवला होता. शेळीचं तोंड पोचत नाही, खाली कुठली वायर नाही.

आजींनी हुक बघितला नाही. बोल्ट बघितला. कडेला हिरवा डाग राहिला होता. बोटाने पुसला, वास घेतला.

"म्हंजी जमीन न्हवती बोलत. माझं लिंबूच बोलत व्हतं?"

मी तोंडात वाक्य तयार ठेवलं होतं. ते कुठेच बसेना. म्हटलं, "हो."

नागनाथ हसले, मग आईकडे बघून थांबले.

"दात काय काढतूस मेल्या? दोन येळा उतरले मी चारचौघांत. आधी बघाया काय झालं व्हतं?"
"मला बी कुठं ठावं व्हतं, आई."
"तुला काय ठावं आस्तं?" मग त्यांनाच हसू आलं, आणि बराच वेळ येत राहिलं.

पुढच्या सीटवर बसल्या. मी इंजिन चालू करायला सांगितलं, कॅसेट नको म्हटलं, आवाजाचं बटण पूर्ण वर. आजींनी तळवा दाराच्या पत्र्यावर सपाट ठेवला. नागनाथनी रेस दिली, सोडली, परत दिली.

"गप हाय," आजी म्हणाल्या. उतरताना बजावलं, "पर उद्या शनवार हाय. मी बांधणार."
"बांधा."

घरात नेऊन चहा दिला. बशी पुढे केली, म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, पोरगी नीट बघती."

आईला फोन केला तर हे सांगेन की नाही, माहीत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

जीप आली. दुकानापासून ऐकत होते. काही नाही. नुसतं डिझेलचं इंजिन.

आजी पुढच्या सीटवर, मांडीवर डबा. नात इथे क्लासला आहे, तिला पहिल्यांदाच भेटायला. बॉनेट उघडून बघितलं. हुकला ताजं लिंबू, सात मिरच्या. बोल्ट कोरडा.

नागनाथना सांगून टाकलं : महागाची सिग्नल वायर लागली नसती. जुनी चालली असती. काढून परत घेते.
"ऱ्हाऊ द्या ताई. बसलीया तर बसू द्या तिला." मग, "औशाचा एक जीपवाला हाय. त्याच्या गाडीत बी डास हाय. उद्या धाडतो."

दुपारी आजी परत आल्या तेव्हा डबा रिकामा होता आणि त्या पोरीच्या खोलीवरच्या पंख्याची तक्रार करत होत्या. पंखा कर्रकर्र करतो. माझ्याकडे बघून. जाईन.

१९ ऑगस्ट, मंगळवार

औशाची जीप आली. आधी मीटर, मग बाकीचं. अर्थिंगचा बोल्ट सैल. पाना एकदाच फिरवला. वायर विकली नाही.

हमीदभाईंना फोन. "शाब्बास बेटा. देखेंगे." त्यांचं देखेंगे मला माहीत आहे, ते वर्षभर चालतं. इरफानला विचारलं. म्हणाला, चाचा खुश आहेत, पण त्यांना वाटतं मुलगी परगावी किती दिवस राहणार. म्हटलं, हे तू का सांगतोस, त्यांनी सांगावं. तो म्हणाला, "म्हणून तर सांगतो बाजी. चाचांना लिहून टाक. मला लातूर नको, इथे माझी क्रिकेटची टीम आहे."

लिहिलं. संध्याकाळी नांदेडच्या बसच्या पार्सलमध्ये दिलं. नक्कल इथे :

"हमीदभाई, सलाम.
किल्लारीच्या जीपचं काम पूर्ण झालं. मी तुम्हाला आधी दोन कारणं सांगितली होती. वायरीचं कारण चूक होतं. मांडणीचा दोष खरा होता आणि माझा होता, पण आवाज त्याने येत नव्हता. खरं कारण बॉडीच्या बोल्टवरचा गंज. यापुढे लातूरला कोणतीही गाडी आली की आधी अर्थिंग मोजली जाईल, मग गरज असेल तरच वायर विकली जाईल. वायरीचा माल मी स्वतः खरवडून घेईन. परगावी राहण्याबद्दल तुम्हाला काळजी असेल तर मला विचारावं. मी राहू शकते.
या महिन्याअखेर तीन महिने पूर्ण होतात. लातूरचं फिटिंगचं टेबल माझ्याकडे राहणार की नाही, ते कृपया मंगळवार, २६ ऑगस्टपर्यंत कळवावं.
सुषमा"